पाऊस किती यापेक्षा पाऊस केव्हा : महाराष्ट्राचे हवामान विभाग आणि वर्धा जिल्हा

वर्धा जिल्ह्यात मेळावा आर्वीला असो की हिंगणघाटला, एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, नाशिकला द्राक्षे होतात, सोलापूरला डाळिंब होते, कोकणात हापूस होतो. आमची जमीन काळी, पाऊस सोलापूरच्या जवळजवळ दुप्पट. मग आमच्याकडेच का साधत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर थोडेसे जमिनीत व बरेचसे आकाशात आहे. हे उत्तर माहीत नसल्यामुळे दरवर्षी कितीतरी पैसा मातीत जातो. सहलीला गेलेला शेतकरी येताना तिकडची कलमे घेऊन येतो, चार वर्षे जोपासतो आणि पाचव्या वर्षी उपटून टाकतो. पेरणीची तारीखही अशीच दुसऱ्या जिल्ह्यातून उसनी आणली जाते आणि मग दुबार पेरणीची पाळी येते.

कोणत्याही पिकाची शिफारस ही त्या त्या हवामानासाठी असते. तेथील पाऊस किती, एवढेच पाहून चालत नाही. तो केव्हा पडतो, हे अगोदर पाहावे लागते.

एक राज्य, नऊ हवामान विभाग

महाराष्ट्राचे भौगोलिक क्षेत्र सुमारे ३०७ लाख हेक्टर आहे. पाऊस, जमीन व पीकपद्धती यांचा विचार करून राज्याचे नऊ कृषि हवामान विभाग पाडण्यात आले आहेत. दक्षिण कोकण, उत्तर कोकण, घाटमाथा, घाटालगतचे दोन संक्रमण विभाग, अवर्षणप्रवण विभाग, निश्चित पावसाचा विभाग, मध्यम पावसाचा विभाग आणि पूर्व विदर्भाचा जास्त पावसाचा विभाग असे ते नऊ होत. आपला वर्धा जिल्हा मध्यम पावसाच्या, म्हणजे ९०० ते १२५० मि.मी. पावसाच्या विभागात मोडतो.

एवढा फरक पडण्याचे मुख्य कारण म्हणजे सह्याद्री. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या पर्वताला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले बहुतेक पाणी कोकणात व घाटमाथ्यावर टाकून देतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६००० मि.मी. पाऊस होतो. तेथून पूर्वेस वीसेक किलोमीटरवर असलेल्या पाचगणीस तो १८०० मि.मी.च्या आसपास येतो आणि घाट उतरून वाईला यावे तो जेमतेम ७०० ते ८०० मि.मी. उरतो. एस.टी.चा तासाभराचा प्रवास, पण पाऊस सात-आठ पटींनी कमी. आणखी पूर्वेस माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो ५०० मि.मी.च्या आसपास येऊन ठेपतो. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

आता कोणास वाटेल की, समुद्रापासून जितके दूर जावे तितका पाऊस कमी होत जाईल. तसे असते तर वर्धा जिल्हा वाळवंटच झाला असता. पण पर्जन्यछायेच्या पट्ट्यातून विदर्भाकडे यावे तसा पाऊस पुन्हा वाढू लागतो. बुलडाणा, अकोल्यापेक्षा वर्ध्यास जास्त, वर्ध्यापेक्षा गडचिरोलीस जास्त. याचे कारण असे की, आपला पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागराकडून येतो. उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ते ओडिशा व छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतात आणि वाटेत विदर्भाला पाऊस देतात. पुढे जाताना त्यांचा जोर ओसरतो, म्हणून पूर्वेस पाऊस अधिक व पश्चिमेस कमी.

यातून व्यवहाराची एक गोष्ट निघते. मुंबईत रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेल्याची बातमी ऐकून वर्ध्याच्या शेतकऱ्याने तिफण बाहेर काढण्याचे कारण नाही. तो पाऊस निराळा आणि आपला निराळा. आपल्याला लक्ष ठेवायचे ते उपसागराकडे. तेथे कमी दाबाचा पट्टा तयार झाला नाही की आपल्याकडे पावसात खंड पडतो. २०२३ चा ऑगस्ट महिना आठवून पाहावा. देशात १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. ऐन शेंगा धरण्याच्या काळात सोयाबीनने माना टाकल्या.

उष्णतामानाचेही असेच आहे. समुद्र जवळ असला म्हणजे उन्हाळा फार तापत नाही आणि हिवाळा फार गारठत नाही. मुंबईचे मे महिन्यातील कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास राहते. आपल्याकडे ते ४३ ते ४५ अंशांपर्यंत जाते, कधी त्याच्याही वर चढते. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते. समुद्र दूर आणि जिल्ह्याची उंचीही फारशी नाही, त्यामुळे दोन्ही टोके आपल्याच वाट्याला आली आहेत.

जमीन तीच, हंगाम मात्र दुसरा

सोलापूरकडील काळी जमीन आणि हिंगणघाटकडील काळी जमीन या दोन्ही एकाच काळ्या खडकापासून बनल्या आहेत. तरीही सोलापूर, मंगळवेढा भागात भारी जमीन पावसाळाभर पडीक ठेवतात व सप्टेंबरमध्ये तीत रब्बी ज्वारी पेरतात. हिंगणघाटचा शेतकरी तीच जमीन जूनमध्ये कापूस, सोयाबीन, तुरीखाली आणतो. यात कोणी आळशी नाही आणि कोणी शहाणा नाही. सोलापूर भागात जुलै-ऑगस्टचा पाऊस अपुरा व बेभरवशाचा असतो. खरा पाऊस परतीच्या वाटेवर, उत्तरा-हस्ताच्या सुमारास पडतो. ती ओल जमिनीत साठते व तिच्यावर ज्वारी निघते. आपल्याकडे वर्षाच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक जुलै आणि ऑगस्ट या दोनच महिन्यांत पडून जातो. हस्ताचा पाऊस आला तर हरभऱ्याला चांगला, पण त्याच्या भरवशावर पीक ठरविता येत नाही. पंचांग सर्वांचे एकच आहे, नक्षत्रे तीच आहेत, पण त्यांच्या हाती असलेले पाणी जिल्ह्याजिल्ह्यागणिक बदलते.

आता मूळ प्रश्नातील पिके घेऊ. डाळिंबाला कोरडी हवा लागते. आपल्या पावसाळ्यातील महिना दोन महिन्यांच्या दमट हवेत तेल्या रोगाला आवतणच मिळते. द्राक्षाच्या वेलीला एप्रिल छाटणीनंतर फूट येते आणि त्याच काड्यांवर पुढील हंगामाचे घड अवलंबून असतात. आपला मे महिना ती कोवळी फूट भाजून काढतो, त्यातून वाचली तर पावसाळ्यात केवडा गाठतो. हापूसचे झाड येथे वाढते, मोहोरतेही, पण फळ रत्नागिरीचे येत नाही. ज्यांना आंबा लावावयाचा आहे त्यांनी केशर, दशहरी यांसारख्या वाणांचा विचार करावा.

इटलीतील लिंबू आणि आपला संत्रा

हा प्रकार केवळ आपल्याच राज्यात आहे असे नाही. युरोपातील इटली या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ३०१ लाख हेक्टर, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राएवढेच आहे. तेथे उत्तरेस आल्प्स पर्वत आणि देशाच्या मधोमध कण्याप्रमाणे गेलेला अपेनाईन पर्वत आहे. उत्तरेकडील पो नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात थंडी व दाट धुके असते आणि उन्हाळ्यात चक्क भातशेती होते. दक्षिणेस पुलिया प्रांतात पाऊस सोलापूरसारखा. तेथे ऑलिव्ह आणि शेवयांचा कडक गहू पिकतो. त्याखाली सिसिली बेटावर संत्री व लिंबे होतात. एका देशात भात आणि ऑलिव्ह, जसे आपल्या राज्यात गडचिरोलीचे धान आणि सांगोल्याचे डाळिंब.

भूमध्य सागराच्या काठच्या या दक्षिण भागात पाऊस हिवाळ्यात पडतो व उन्हाळा कोरडा जातो. म्हणजे आपल्या नेमके उलटे. संत्रा बागाईतदारांनी हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण स्पेन, इटली, इस्राएल येथील बागांची छायाचित्रे पाहून तिकडचे तंत्र जसेच्या तसे आणण्याचा मोह अनेकांना होतो. तेथे उन्हाळाभर झाडाला मोजून पाणी दिले जाते. पाऊस येतो तो थंडीत. त्यामुळे उबदार आणि चिखल झालेल्या जमिनीत झाडाची मुळे महिनोन्महिने राहत नाहीत. आपल्याकडे उष्णता व ओल दोन्ही एकदमच येतात आणि नेमकी हीच स्थिती डिंक्या रोगाच्या बुरशीला मानवते. म्हणून आपल्या बागेत निचरा हा खतापेक्षाही आधीचा विषय आहे. त्यांचे ठिबक संच घ्यावेत, त्यांचे वेळापत्रक घेऊ नये.

मात्र सिसिलीच्या लिंबू बागाईतदारांची एक पद्धत आपल्या ओळखीची आहे. ते जून-जुलैच्या कोरड्या दिवसांत लिंबाच्या बागेचे पाणी तोडतात, झाडे कोमेजू देतात आणि नंतर खत व भरपूर पाणी देतात. झाडे एकदम फुलतात आणि पुढील उन्हाळ्यात, बाजारात लिंबू नसताना, हिरवी लिंबे हाती येतात. त्या फळांना तिकडे वेरदेल्ली म्हणतात. आपण ज्याला ताण देऊन बहार धरणे म्हणतो ते हेच होय. फरक एवढाच की, त्यांना ताण मोडण्यासाठी विहिरीचे पाणी लागते आणि मृग बहारात आपला ताण मृगाचा पाऊस मोडतो.

कारंजा, आष्टी, आर्वी या तालुक्यांतील संत्रा पट्ट्यात, तसेच वर्धा नदीपलीकडे वरुड, मोर्शी भागात आंबिया व मृग असे दोन बहार घेतले जातात. आंबिया बहारात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीने झाडाची वाढ थांबते, त्याला आपोआप विश्रांती मिळते, आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत फुले येतात. म्हणजे कडक थंडी, जी कोकणाला मिळत नाही, ती आपल्या संत्र्याचे भांडवल आहे. परंतु ही फळे वाटाण्याएवढी असतानाच एप्रिल-मेचा उन्हाळा त्यांच्यावर येतो. विहिरीला मे अखेरपर्यंत पाणी पुरत असेल त्यांनीच आंबिया धरावा. पाणी अर्ध्यावर तुटले तर फळेही जातात आणि झाडही खचते.

मृग बहारात बागेचे पाणी उन्हाळ्यात तोडतात. हलक्या जमिनीत तीन-चार आठवड्यांत ताण बसतो, भारी जमिनीत त्याला दीड ते दोन महिने लागतात. पावसाबरोबर फुले येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. फळ थंडीत पोसले जात असल्याने त्याला रंग चांगला चढतो. यात धोका आकाशाचा आहे. मे महिन्यात वळवाचा जोरदार पाऊस झाला तर ताण अवेळी मोडतो आणि जूनचा पाऊस लांबला तर झाड गरजेपेक्षा जास्त सुकते. याशिवाय विदर्भाला फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीचे भय असतेच. २०१४ साली फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत झालेल्या गारपिटीने राज्यभर गहू, हरभरा व फळबागांची हानी केली होती. त्या दिवसांत मृगाचे फळ झाडावर पिकलेले आणि आंबियाचा फुलोरा झाडावर उमललेला असतो. त्यामुळे संपूर्ण बाग एकाच बहारावर ठेवावी की विभागून, हा निर्णय ज्याने त्याने विहिरीचे पाणी पाहून घ्यावा. सरसकट सल्ला देणे योग्य होणार नाही.

हिंगणघाट, समुद्रपूरकडील भारी चिकण काळ्या जमिनीत मात्र संत्रा लावण्याचा आग्रह धरू नये. तेथे निचरा होत नाही, ताण वेळेवर बसत नाही, आणि मुक्त चुनखडी दहा टक्क्यांहून जास्त असल्यास झाड पिवळे पडते. लागवडीपूर्वी खड्ड्यातील खालच्या थरांची माती तपासून घ्यावी. केवळ वरच्या वीतभर मातीचा नमुना फळबागेस उपयोगाचा नाही.

एका जिल्ह्यात दोन हवामाने

जिल्ह्याचा सरासरी पाऊस सुमारे १००० मि.मी. धरला तरी त्याचा उपयोग सर्व तालुक्यांत सारखा होत नाही. उत्तरेस आर्वी, आष्टी, कारंजा भागात सातपुड्याच्या फाट्यांचा डोंगराळ मुलूख आहे. जमिनी बरड, उथळ आणि उताराच्या. दक्षिणेस वर्धा व वणा नद्यांच्या खोऱ्यांत जमिनी खोल आणि भारी आहेत. पाऊस एकच असला तरी या दोन ठिकाणच्या पिकाला तो निराळा भासतो.

साधा हिशेब करून पाहू. एक फूट खोल मुरमाड जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी साधारण ४० ते ५० मि.मी. मावते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत ते १५० ते २०० मि.मी.पर्यंत मावते. ऑगस्टमध्ये उघडीप पडली की भरात आलेले पीक रोज ४ ते ५ मि.मी. पाणी पिते. म्हणजे बरड जमिनीतील पीक दहाव्या दिवशी सुकू लागते आणि खोल जमिनीतील पीक महिनाभर तग धरते. आता उलट बाजू पाहा. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली तेव्हा हिंगणघाट, समुद्रपूर भागात शेते पाण्याखाली गेली, कपाशी व सोयाबीन जागेवर सडले. उताराच्या बरड जमिनीवरून तेच पाणी वाहून गेले, अर्थात सोबत मातीही घेऊन गेले. तेव्हा ओल्या वर्षी एकाचे नुकसान आणि कोरड्या वर्षी दुसऱ्याचे, असे हे गणित आहे.

म्हणून वाण निवडतानाच जमिनीची खोली विचारात घ्यावी. बरड व मध्यम जमिनीत तुरीचा बीडीएन ७११ सारखा सुमारे पाच महिन्यांत येणारा वाण घ्यावा. सहा महिने व त्याहून अधिक काळ घेणारी आशा तूर खोल जमिनीसाठीच ठेवावी, कारण तिची शेंग भरते तेव्हा पाऊस जाऊन दोन महिने झालेले असतात. हलक्या जमिनीत शेवटच्या डवरणीचे वेळी डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडाव्यात. त्यामुळे नंतरचा पाऊस शेतातच मुरतो. भारी जमिनीत सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने करावी. जास्तीचे पाणी सरीने निघून जाते आणि खंड पडल्यास त्याच सरीतील ओल कामास येते. ज्यांच्या एकाच धुऱ्याच्या आत वर बरड व खाली खोल जमीन आहे, त्यांनी दोन तुकड्यांत दोन वाण पेरण्यास हरकत नाही. शेजारी हसतील, हसू द्यावे.

पेरणीची घाई

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते. कोकणात त्या सुमारास खरोखरच मोसमी पाऊस दारात असतो. वर्धा जिल्ह्यात तो साधारण जूनच्या मध्यास पोचतो, आणि कित्येक वर्षी आर्द्रा लागल्यावरच जमतो. त्याआधी येणाऱ्या सरी बहुधा वळवाच्या असतात. विजा, वारा, अर्धा तास मुसळधार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ४२ अंश. अशा एका सरीवर सोयाबीन पेरले तर बी फुगते, मोड येतो व आठ दिवसांत जळून जाते. बियाणे, खत आणि मजुरी असा तिहेरी खर्च वाया जातो, आणि दुसऱ्यांदा बियाणे घेण्यास सावकाराकडे जावे लागते ते वेगळेच.

आपल्या शेतावर ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय व वीतभर खोल ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये. सोयाबीनची पेरणी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत करता येते, त्यामुळे आठवडाभर थांबल्याने हंगाम बुडत नाही. मूग, उडीद मात्र उशिरा पेरू नयेत. कपाशीची धूळपेरणी पूर्वी आपल्याकडे सर्रास होत असे. आता ती टाळणे बरे. ओलीत असलेले बागाईतदारही मे महिन्यातच पऱ्हाटी लावतात, ती लवकर फुलते व पावसानंतर कोषातून निघणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगांना आयती जागा मिळते. २०१७ साली या अळीने विदर्भात काय केले ते कापूस उत्पादकांना सांगावयास नको.

पाऊस मोजावा

वरील ७५ मि.मी. ओळखायचे कसे, असे विचारले जाते. महसूल मंडळाच्या ठिकाणी पावसाची नोंद होते, परंतु जुलैतही शिवाच्या एका बाजूला पाऊस आणि दुसऱ्या बाजूला धूळ असे आपण पाहतोच. म्हणून आपले माप आपल्या शेतात असावे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सपाट बुडाचा, सरळ भिंतीचा कोणताही डबा चालतो. तोंड आणि बूड सारखे रुंद असले म्हणजे झाले, मग डबा लहान असो वा मोठा. तो जमिनीपासून हातभर उंच, खुंटाला घट्ट बांधावा. झाड किंवा गोठा असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता शाळेची पट्टी आत उभी धरून किती मिलिमीटर पाणी साचले ते पाहावे आणि डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी, हे लक्षात ठेवले म्हणजे ओलिताचा हिशेबही जमतो.

नोंद वहीत तारीख व नक्षत्र दोन्ही लिहून ठेवावी. शेजारच्या रकान्यात पेरणी, खंड किती दिवसांचा पडला, फुले केव्हा आली, फळगळ केव्हा झाली हेही लिहावे. चार-पाच वर्षांची अशी वही असली म्हणजे आपल्या शिवारात मृगाचा पाऊस पेरणीजोगा किती वेळा झाला आणि किती वेळा फसवून गेला, हे घरबसल्या सांगता येते. पुढील मेळाव्यास येताना ही वही सोबत आणावी.